भूगोलाच्या बाईंचं बेट

"आई, तू जाणार नाहीस. का नाही, ते यात लिहिलंय," मुलगा म्हणाला आणि त्याने चौदा पानांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी चष्मा चढवला, लाल पेन घेतलं आणि पहिलं पान उघडलं. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईंना हातात पेन असल्याशिवाय काही वाचताच येत नसे. लग्नाआधी नवऱ्याने पाठवलेली पत्रंही आपण तशीच वाचली, असं त्या स्वतःच सांगत.

वाद एका बेटाचा होता. भूमध्य समुद्रातलं ठिपक्याएवढं बेट. नाव असं, की घरातला प्रत्येकजण ते वेगळं उच्चारायचा. त्या समुद्राकाठी उन्हाळा कोरडा आणि हिवाळा पावसाळी का असतो, हे बाईंनी पोरांच्या एकतीस तुकड्यांना फळ्यावर वाऱ्याचे बाण काढून समजावलं होतं. त्यातला एकही बाण त्यांच्या अंगाला कधी लागला नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, आता जाऊन बघायचं. दहा दिवस. एकटीने.

मुलगा विमा कंपनीच्या दावे विभागात होता. कोण कुठे पडलं, काय पेटलं, काय बुडालं, हे दिवसभर वाचायचं, हीच त्याची नोकरी. पंधरा वर्षांत त्याचं ठाम मत झालं होतं, की जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात: पडलेल्या आणि अजून न पडलेल्या. बेटाचा अहवाल त्याने याच श्रद्धेने लिहिला होता. ज्वालामुखी, भूकंप, वणवे, वारा सुटला की बंद पडणाऱ्या बोटी, जेलीफिश, पाकीटमार आणि पान अकरावर 'निसरड्या फरश्या'.

अर्ध्या तासाने बाईंनी गठ्ठा परत केला. "चौदापैकी साडेपाच."

"काय साडेपाच?"

"मार्क. ज्वालामुखी त्या बेटावर नाही, दोन बेटं सोडून पलीकडे आहे. वणव्याचा फोटो तू दुसऱ्याच खंडातला डकवलायस. जेलीफिश चावत नाही, डंख करते. आणि निसरड्या फरश्या आपल्या न्हाणीघरात आहेत. तिथे जायला तू मला कधी अडवलं नाहीस."

सूनबाई दातांची डॉक्टर होती. तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा झाला तरी खाली ठेवला नाही.

"बरं, पायऱ्यांचं काय?" मुलाने पान नऊ पुढे सरकवलं. "बंदरापासून वर गावात जायला साडेतीनशे पायऱ्या आहेत. रिक्षा नाही, लिफ्ट नाही. बॅग घेऊन चढशील?"

पान नऊवर बाईंनी नाइलाजाने बरोबरची खूण केली होती. "चढेन," त्या म्हणाल्या.

"गुडघे?"

"तेही माझ्याबरोबरच येणार आहेत."

"मग रविवारी चढून दाखव. बॅगेसकट. चढलीस, तर मी एक शब्द बोलणार नाही."

"बघच तू."

सोमवारी दुपारी, मुलगा ऑफिसात आणि सून दवाखान्यात गेल्यावर, बाई तयारीला लागल्या. घर चौथ्या मजल्यावर. प्रत्येक मजल्याला अठरा पायऱ्या, म्हणजे खालून वर बहात्तर. पाच फेऱ्या केल्या की तीनशे साठ. बॅगेत कपडे भरून वजन होईना, म्हणून त्यांनी आधी इस्त्री टाकली, मग दोन जाडजूड नकाशासंग्रह. तरीही बॅग हलकीच वाटली. शेवटी त्यांना गॅलरीतलं खोकं आठवलं. सूनबाई आपल्या पेशंटांच्या दातांचे जे प्लास्टरचे साचे बनवायची, त्यातले जुने तिथे पडून होते. वरचे जबडे, खालचे जबडे, दगडासारखे जड. बाईंनी डझनभर जबडे बॅगेत भरले आणि चेन ओढली.

दुसऱ्या मजल्यावर शिलाईवाल्या काकू राहायच्या. उजेडासाठी त्यांचं मशीन दाराशीच असे आणि दार सताड उघडं. बॅग घेऊन उतरणाऱ्या बाई त्यांनी पाहिल्या.

"कुठे निघालात, बाई?"

साडेतीनशे पायऱ्या चढून झाल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. "जमतंय का बघतेय," एवढंच त्या म्हणाल्या.

दहा मिनिटांनी बाई बॅग घेऊन पुन्हा वर गेल्या. पाव तासाने पुन्हा खाली. काकूंनी मशीन थांबवलं. मंगळवारीही तेच. लिफ्ट चालू असताना बाई जिन्याने उतरत होत्या, अर्ध्या जिन्यात बसून डोळे मिटत होत्या, छातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होत्या. पुटपुटत होत्या ते पायऱ्यांचे आकडे, पण काकूंना ते कसं कळणार?

"घरातून निघतात, फाटकापर्यंत जातात आणि परततात," काकूंनी तळमजल्यावरच्या औषधवाल्या काकांना सांगितलं. "जायला जागा नसेल हो बिचारीला."

काकांचं औषधांचं दुकान आता त्यांची मुलगी चालवायची. त्यामुळे काकांकडे विचार करायला भरपूर वेळ होता. "पण लिफ्ट का नाही घेत?"

"लिफ्टमध्ये कॅमेरा आहे ना! मुलाला कळेल."

हे इतकं पटण्यासारखं होतं, की बुधवारी दोघेही बाईंची वाट बघत जिन्यात उभे होते. काकूंनी पाणी दिलं. काकांनी खोकल्याच्या गोळ्या दिल्या. कारण खिशात त्याच होत्या.

"बाई, काही मनात असेल तर आमच्याशी बोला," काकू म्हणाल्या.

"मनात एकच आहे," बाई धापा टाकत म्हणाल्या. "रविवारी काय वाट्टेल ते झालं तरी माघार घ्यायची नाही."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवारी चौथी फेरी चालू होती. तिसऱ्या मजल्यावर बाईंनी हात बदलायला बॅग क्षणभर कठड्याजवळ टेकवली आणि बॅगेने स्वतःचा मार्ग धरला. अठरा पायऱ्या ती उड्या मारत उतरली, वळणावर भिंतीला धडकून फुटली, आणि आतला ऐवज दोन्ही जिन्यांवर विखुरला. इस्त्री काकूंच्या दारात येऊन थांबली. एक खालचा जबडा मात्र टणाटण उड्या घेत थेट पहिल्या मजल्यावर सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या पायपुसण्यावर पोचला.

चेअरमनसाहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि आवाज झाला की आधी पाइप बघायचे. चष्मा आतच राहिला होता. त्यांनी खाली वाकून बघितलं, तर दात. वर बघितलं, तर बाई तोंडावर हात दाबून धडपडत खाली येत होत्या. हात होता तो लाजेने, पण चेअरमनना एवढं पुरे झालं.

"बाई, बोलू नका! अजिबात तोंड उघडू नका!" त्यांनी जबडा रुमालात गुंडाळला. "संध्याकाळी मिटिंग!"

मुलगा साडेसहाला परतला, तेव्हा पार्किंगमध्ये वीसेक माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. मधल्या खुर्चीत त्याची आई. तिच्या शेजारी काकू, मांडीवर इस्त्री घेऊन.

"आई! काय झालं?"

"काय झालं, ते आम्ही तुम्हाला विचारतोय," चेअरमन म्हणाले. "आईला घराबाहेर काढताय?"

"मी? अहो, मी तर तिला बाहेर जाऊच देत नाहीये!"

खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. "म्हणजे कोंडून ठेवलंय," कुणीतरी म्हणालं.

"तसं नाही हो! मी तिला सांगितलं, आधी जिने चढून दाखव, मग..."

"या वयात जिने चढायला लावतो!" काकू ओरडल्या. "आणि बॅगेत इस्त्री भरून!"

"इस्त्री मी नाही भरली!"

"मग हे काय आहे?" चेअरमननी रुमाल उघडला. वीस जणांनी मान पुढे केली.

तेवढ्यात सूनबाई दवाखान्यातून आली. तिने गर्दीतून वाट काढली, रुमालात डोकावली आणि म्हणाली, "अय्या, हे माझे दात! तुमच्याकडे कसे?"

चेअरमनच्या हातातून दात पडले. मग सगळे एकदम बोलायला लागले. बाईंनी आ करून सगळ्यांना आपले दात दाखवले. काकूंनी ते जवळून मोजले. दातांचा उलगडा झाला, पण बॅगेचा झाला नाही.

"बाई, तुम्हीच सांगा. बॅग घेऊन कुठे निघाला होतात?" चेअरमननी विचारलं.

बाईंनी हाताची घडी घातली. "मी नाही सांगणार. माझ्या मुलाला विचारा. त्याला तोंडपाठ आहे."

मुलाने आईकडे बघितलं. आईने नजर हलवली नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्याकडे बघावं तशी ती बघत होती. "ती सुट्टीला जाणार आहे. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर."

"एकटी?"

"एकटी."

काका उठले. "समुद्रात? अहो, तिथे ज्वालामुखी असतात! टीव्हीवर बघितलंय मी. आईला तिकडे धाडताय?"

"चांगली युक्ती आहे," मागून आवाज आला. "परत यायलाच नको."

मुलाचे कान लाल झाले. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर असा आरोप कुणी केला नव्हता. "कसला ज्वालामुखी?" तो उसळून म्हणाला. "तो त्या बेटावर नाहीच! दोन बेटं सोडून पलीकडे आहे!"

"आणि भूकंप?"

"लहानसहान धक्के बसतात. तिथली घरं पिढ्यानपिढ्या उभी आहेत. जाड भिंती, बुटकी घरं. आपल्या या इमारतीपेक्षा मी तिथे निवांत झोपेन!"

चेअरमननी घसा खाकरला. "बोटी बुडतात म्हणे."

"बुडत नाहीत. वारा जास्त असला, तर सोडतच नाहीत. ही खबरदारी झाली, धोका नाही! बेटावर दवाखाना आहे, डॉक्टर चोवीस तास असतो. वर्षातले तीनशे दिवस ऊन, पण घाम नाही. पाणी इतकं नितळ, की होडीची सावली तळाच्या वाळूवर दिसते. होडी हवेत तरंगतेय असं वाटतं. संध्याकाळी सगळं गाव धक्क्यावर येऊन बसतं. म्हातारी माणसंसुद्धा. काही करत नाहीत. नुसती बसतात. तिथे नव्वदीच्या बायका त्या साडेतीनशे पायऱ्या रोज चढतात! माझी आई तर अडुसष्टची आहे. ती का नाही चढणार?"

तो थांबला तेव्हा त्याला दम लागला होता. सूनबाई त्याच्याकडे असं बघत होती, जसं तिने लग्नानंतर फारसं बघितलं नव्हतं. बाई मात्र खाली बघून पदराच्या टोकाने चष्मा पुसत होत्या, बराच वेळ.

औषधवाले काका हळूच म्हणाले, "नुसतं बसतात म्हणालात ना?"

"हो."

"तिकिटं मिळतील अजून?"

शुक्रवार संध्याकाळपर्यंत काका, काकू आणि चेअरमनसाहेब तिघांचंही जायचं ठरलं. शनिवारी सकाळी काकांची मुलगी दारात येऊन भांडून गेली. "माझ्या बाबांच्या डोक्यात हे बेट तुम्ही भरवलंत! तिथे त्यांना काही झालं तर?" मुलाने तिला आत बसवलं आणि दवाखान्याचा नकाशा काढून दाखवला.

रविवारी बाईंनी पाच फेऱ्या पूर्ण केल्या. इमारतीने टाळ्या वाजवल्या. मुलगा बोलल्याप्रमाणे एक शब्द बोलला नाही. तो पाण्याची बाटली घेऊन पाचही फेऱ्या आईच्या मागून चालला होता आणि शेवटी तोच जिन्यात बसला.

त्याच दुपारी नवे सहप्रवासी बाईंच्या खोलीत जमले. चेअरमननी वेळापत्रक आणलं होतं. साडेपाचला उठणे, सहाला हजेरी, सव्वासहाला सामूहिक व्यायाम. काकांनी सगळ्यांच्या औषधांची यादी केली होती. काकूंनी चौघांसाठी एकाच कापडाच्या टोप्या बेतल्या होत्या. "म्हणजे चुकामूक व्हायला नको. आणि बाई, तुम्ही माझ्याच खोलीत. मला एकटीला झोप येत नाही. तुम्हालाही नसेल येत."

बाईंनी टोपी घालून बघितली. छान झाली होती. त्यांनी तसं मनापासून सांगितलं. चेअरमननी विचारलं, की धक्क्यावर बसण्याचा कार्यक्रम किती मिनिटांचा ठेवायचा, तेव्हा मात्र त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सोमवारी त्या लिफ्टने खाली उतरल्या आणि दीड तासाने परतल्या. संध्याकाळी मुलगा चहा पीत असताना त्यांनी तिकीट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं.

"आई, हे आपलं बेट नाही."

"नाही. त्याच्या पलीकडचं आहे."

"का?"

"एकतीस वर्षं वर्गातली पन्नास पोरं, घरात तुम्ही, आता ही इमारत," बाई म्हणाल्या. "सगळे चांगले आहेत रे. काकू तर फारच. पण मला दहा दिवस कुणालाही न सांगता उठायचंय."

मुलाच्या कपाळावर आठ्या चढल्या. "पण या बेटाची मी काहीच चौकशी केलेली नाही! पायऱ्या किती, दवाखाना आहे का, बोट रोज असते का, काही म्हणजे काहीच माहीत नाही मला!"

"म्हणूनच घेतलं."

"आणि चेअरमनना काय सांगू?"

"त्यांच्या विमानात बसव त्यांना. मजेत राहतील. हजेरी घ्यायला दोन माणसं पुरतात."

"बरं, निदान या बेटाचं नाव कसं म्हणायचं, ते तरी सांग."

बाईंनी तिकीट त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

"पोचले, की विचारून कळवते."