दाराला बसली दातखिळी

दातांच्या डॉक्टरांचा उजवा पाय सकाळी साडेनऊ वाजता त्यांच्याच दवाखान्याच्या दारातून आरपार गेला, आणि नेमके तेव्हाच हेडसर पायरी चढत होते.

दार प्लास्टिकचं होतं. ते कुजत नाही, फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. बिजागऱ्यांतून मात्र ते खाली उतरलं होतं आणि रोज सकाळी फरशीला घासून अडायचं. डॉक्टर कुलूप काढायचे, खांदा लावून बघायचे आणि शेवटी गुडघ्याच्या उंचीवर एक लाथ घालायचे. आठ महिने दारानं निमूटपणे लाथा खाल्ल्या. नवव्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी त्यानं लाथ नुसती खाल्ली नाही, गिळली.

"आधी पाय काढा," मागे पिशव्या घेऊन उभी असलेली बायको म्हणाली. "लोक बघतायत."

लोक म्हणजे हेडसर. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. तीन वर्षं त्यांची एक दाढ दुखत होती आणि तीन वर्षं ते तिला लवंगेच्या तेलावर ठेवून होते. आज घरच्यांनी हातापाया पडून त्यांना धाडलं होतं. पण हेडसर म्हणजे काही एकटे हेडसर नव्हेत. रोज सकाळी बागेत त्यांच्यासोबत चौदा निवृत्त मंडळी फिरायची. हेडसरांनी चष्म्याचं दुकान बदललं की चौदा चष्मे बदलायचे. आणि त्या वयाच्या चौदा जणांच्या तोंडात काय काय काम निघू शकतं, याचा हिशेब डॉक्टरांनी अनेकदा मनातल्या मनात करून पाहिला होता. दवाखाना उघडून आठ महिने झाले तरी बाकं रिकामी असत. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण खोटी पाडायला निघालेल्या माणसाला हेडसर खुर्चीत बसणं फार गरजेचं होतं.

"या सर, या," पाय मोकळा करून खांद्यानं दार आत रेटत डॉक्टर म्हणाले. "बसा. लगेच घेतो तुम्हाला."

"मला घाई नाही," हेडसर भोकाकडे बघत म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. "आधी दाराचं बघा. मी येईन परत. पुढच्या महिन्यात वगैरे."

बायकोनं फोन काढला. "मिस्त्रींना बोलावते."

"एवढ्याशा भोकाला मिस्त्री कशाला?" डॉक्टर म्हणाले. "मी दिवसाला दहा भोकं बुजवतो." खरा आकडा तीन होता, आणि तोही बऱ्या दिवशी.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि हेडसरांनी ते तिथल्या तिथे पकडलं. चाळीस वर्षं मुलांची वाक्यं पकडण्यात गेलेली. "ठीक आहे," ते आत येऊन बाकावर बसत म्हणाले. "मग असं करू, डॉक्टर. हे भोक तुम्ही माझ्यासमोर बुजवा. नीट बुजलं, तर माझी दाढ तुमची. नाही बुजलं, तर दाढ घेऊन मी घरी."

बायकोनं नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. ही खूण लग्नाला अकरा वर्षं झाल्यानंतरही डॉक्टरांना 'पुढे व्हा' अशीच वाटायची.

त्यांनी पांढरा कोट चढवला, हातमोजे घातले, कपाळावर दिवा बांधला आणि दारासमोर बैठक मारली. सर्वप्रथम दार लावून वरची कडी घातली, कारण काम चालू असताना जबडा हलता कामा नये. भोक नारळाएवढं होतं. कडेला प्लास्टिकच्या चिरफळ्या लोंबत होत्या.

"नियम एकच, सर," ते शिकवायच्या सुरात म्हणाले. "खराब भाग पूर्ण काढल्याशिवाय वर भरायचं नाही. नाहीतर आतून कीड वाढत जाते."

"प्लास्टिकला कीड?" बायकोनं विचारलं.

"तत्त्व सांगतोय."

कवळ्या घासायचं मशीन सुरू झालं. डॉक्टर एक चिरफळी काढायचे, तिच्या मागे बारीकशी चीर दिसायची. ती चीर संपेपर्यंत कोरायचं, तर पुढे दुसरी. डॉक्टरांचा हात सफाईचा होता, त्याबद्दल दुमत नाही. वीस मिनिटांत नारळाचं जेवणाच्या ताटलीएवढं झालं. कडा अगदी गुळगुळीत, गोल. त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या पोटऱ्या छान दिसत होत्या.

"वाढलं की हो," हेडसर म्हणाले.

"आधी वाढतंच, सर."

हेडसरांचा हात नकळत आपल्या गालावर गेला.

आता भरायचं कशानं? दातात भरायचा मसाला मोहरीएवढा लागतो, त्यानं दार भरायला दोन पिढ्या गेल्या असत्या. पण कपाटात दातांचे साचे ओतायचं प्लास्टर होतं. पाण्यात कालवलं की दहा मिनिटांत दगड. डॉक्टरांनी एक वाटी कालवली आणि भोकाच्या खालच्या कडेतून, दाराच्या दोन प्लास्टिक पत्र्यांच्या मधल्या पोकळीत ओतली. वाटी आत गेली आणि नाहीशी झाली. दुसरी ओतली. तीही.

"अहो, जातंय कुठे?" बायको म्हणाली.

"पोकळी भरतेय. तळापासून भरत वर यायचं."

"दार खालून बंद असतं का पण?"

हा प्रश्न फार चांगला होता आणि डॉक्टरांनी तो नंतर विचार करण्यासाठी बाजूला ठेवला. सातव्या वाटीला डबा संपला. भोक होतं तसंच होतं, पण दाराच्या खालच्या कडेतून पांढरं पीठ हळूहळू फरशीवर आणि उंबरठ्यावर पसरलं होतं. बायको फडकं आणायला आत गेली. ती परत येईपर्यंत त्याचा दगड झाला होता.

डॉक्टरांनी कडी काढली आणि दार ओढलं. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. मग पाय चौकटीला लावून ओढलं. वाकून बघितलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की दार, उंबरठा आणि फरशी या तीन वस्तूंची आता एकच वस्तू झाली आहे. दाराला दातखिळी बसली होती. दवाखान्याला दुसरं दार नव्हतं आणि खिडकीला गज होते.

"म्हणजे मला जाता यायचं नाही?" हेडसरांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात काळजी होती.

बायकोनं मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री यायच्या आत आजी आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या या आजींना आज नवी कवळी मिळायची होती. दुपारी त्यांच्या नातीला बघायला पाहुणे येणार होते आणि पाहुण्यांसमोर मोकळ्या तोंडानं बसणार नाही, असं त्यांनी घरी ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी दार वाजवलं, मग भोक दिसलं, मग भोकात डॉक्टरांचा चेहरा दिसला.

"अरे डॉक्टर, खाली काय करतोयस?"

"आजी, दार अडकलंय. तासाभरानं याल का?"

"तासाभरानं? अरे, घरी केवढी कामं पडलीत. माझे दात दे. जा तू मग काय करायचं ते कर."

"नुसते देऊन कसं चालेल? बसवून बघायला लागतील."

"मग बसव की," आजी म्हणाल्या आणि पदर सावरून पायरीवर बसल्या. त्यांचं तोंड बरोबर भोकासमोर आलं. "आ करू?"

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. बायकोनं कवळीचा डबा पुढे केला. मग डॉक्टर गुडघ्यांवर आले, मान वाकडी केली, भोकातून हात बाहेर काढला आणि भर रस्त्यावर आजींच्या तोंडात कवळी बसवली. भाजीची गाडी थांबली. दोन सायकलवाले थांबले.

"उजवीकडे टोचतंय," आजी म्हणाल्या.

"बोट ठेवा. कुठे? वर की मागे?"

आजींनी दाखवलं. डॉक्टरांनी कवळी आत घेतली, केसभर घासली, धुतली, पुन्हा हात बाहेर. आता डाव्या बाजूला जरा उंच लागत होती. पुन्हा आत, पुन्हा घासली, पुन्हा बाहेर. या पाच मिनिटांत डॉक्टर दार विसरले, प्लास्टर विसरले, मागे बसलेले हेडसरही विसरले. तिसऱ्या खेपेला आजींनी दात दोनदा आपटून बघितले आणि रस्त्यावरच्या मंडळींकडे बघून तोंडभर हसल्या.

"बसली रे बाबा. माझे स्वतःचे होते तेव्हाही एवढे बसले नव्हते," त्या म्हणाल्या आणि भाजीच्या गाडीवरून एक गाजर उचलून कडाकडा खात निघून गेल्या.

मिस्त्री आले ते गालाला रुमाल बांधून. हत्यारांची पिशवी खाली ठेवून ते गुडघ्यांवर बसले, भोकात बॅटरी मारली, आत बोट फिरवलं, मग पेचकसाच्या मुठीनं दारावर वरपासून खालपर्यंत टकटक केली. खाली आवाज बद्द आला. मिस्त्रींनी जिभेनं च्यक् केलं.

"याला आधी कुणी हात लावला होता?"

हा प्रश्न डॉक्टरांना पाठ होता. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला तोंड उघडल्याबरोबर ते तो याच सुरात विचारायचे, आणि पेशंट का ओशाळतात हे त्यांना आजवर कळलं नव्हतं.

"कुणीतरी शहाण्यानं कोरून ठेवलंय," मिस्त्री भोकातून सांगत होते. "मूळचं नुकसान काहीच नव्हतं बघा. एक पट्टी मारली असती की काम भागलं असतं. बरं करणाऱ्यानंच घालवलंय. आता हे वाचत नाही, काढावं लागेल."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. बायको पटकन पुढे झाली. "तो एक माणूस आला होता ना सकाळी," तिनं सुरुवात केली.

झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण समोर हेडसर होते आणि त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. आणि दुसरं म्हणजे, मघाच्या गाजराचा आवाज डॉक्टरांच्या कानात अजून होता. निदान एक काम तरी आज त्यांनी नीट केलं होतं.

"माणूस वगैरे कुणी नाही," ते म्हणाले. "मीच."

"तुम्ही?" मिस्त्रींनी आत डोकावून पाहिलं. "तुम्ही तर दातांचे."

"म्हणूनच तर."

मिस्त्रींना हसू आवरेना. ते पोट धरून हसले, गालावरचा रुमाल सुटला, आणि डॉक्टरांच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड नेमका त्यांच्या उघड्या तोंडात पडला. मागच्या दाढेत करड्या रंगाचा एक गोळा होता.

"थांबा, हसू नका. तोंड असंच ठेवा," डॉक्टर म्हणाले. "हे काय भरलंय?"

मिस्त्रींनी तोंड मिटलं. "लांबी," ते म्हणाले.

"दाराच्या भेगांत भरतात ती?"

"चौकटीला."

"कुणी भरली?"

मिस्त्री पायरीकडे बघत बसले. "मीच," ते म्हणाले. "एवढ्याशा भोकाला डॉक्टर कशाला, म्हटलं."

आता बायकोला हसू आवरेना. ती हिशेबाच्या टेबलामागे जाऊन खाली बसली.

मिस्त्रींनी बिजागऱ्या उखडल्या, छिन्नीनं खालचं प्लास्टर फोडलं आणि दार उचलून रस्त्याच्या कडेला आडवं टाकलं. नवं दार चार दिवसांत आणतो म्हणाले. चौकट मोकळी झाली. भसकन ऊन आत आलं. हेडसर उठले, त्यांनी चपला घातल्या. डॉक्टरांनी त्यांना अडवलं नाही. काय तोंडानं अडवणार? ठरलं होतं तसंच झालं होतं, आणि भोक म्हणाल तर आता दाराएवढं होतं.

"सर, माफ करा. तुमची सकाळ फुकट गेली," ते म्हणाले.

हेडसर चौकटीत थांबले. "दाराला दहापैकी शून्य," ते म्हणाले. "शून्याच्या खाली गुण देता येत नाहीत म्हणून शून्य."

"बरोबर आहे, सर."

"पण आजींची कवळी तुम्ही गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून, भोकातून एका हातानं बसवलीत. तीनदा घासलीत, एकदाही कंटाळला नाहीत. मी काय पेपरात एकच प्रश्न तपासतो असं वाटलं का तुम्हाला?" हेडसरांनी चपला पुन्हा काढल्या. "मी तर सरळ समोर खुर्चीत बसणार. माझी दाढ तुम्हाला एवढी जड जायला नको. फक्त ते सकाळचं मशीन तेवढं लांब ठेवा."

"सर, ते मशीन तोंडात जातच नाही," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले. दाढ वाचली. वेळ लागला, हेडसरांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते, पण ती वाचली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकानं ती वाचताना पाहिली.

दुसऱ्या दिवशी बागेतली टोळी आली. तिसऱ्या दिवशी जे आले त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. बायकोनं त्याचा उलगडा केला. म्हणाली, "अहो, इतके दिवस माणसं दारापर्यंत यायची, हात लावायची आणि घाबरून मागे फिरायची. मी खिडकीतून बघायची ना. आता हात लावायला दारच नाही. चालता चालता आतच येतात."

चौथ्या दिवशी मिस्त्री नवं दार डोक्यावर घेऊन आले. बाकं भरली होती, उंबरठ्यावर दोघं बसले होते आणि चौकटीला टेकून तीन जण उभे होते. मिस्त्रींनी दार कुठून आत न्यावं याचा अंदाज घेतला, पण पाय ठेवायला जागा नव्हती.

"वहिनी, जरा माणसं हलवा ना. दार बसवायचंय."

बायकोनं वहीतून मान वर केली. मिस्त्रींच्या गालाची सूज आता डोळ्यापर्यंत चढली होती.

"दार तिकडे भिंतीला टेकवा," ती म्हणाली, "आणि तुम्ही बसा. तुमचा नंबर सतरावा."