गाळून उरलेला गट

"त्याला काढणार नाही, गाळणार," रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेने चहा ओतता ओतता जाहीर केलं.

"कुणाला?" नवऱ्याने कप जवळ ओढला.

"साळिंदरला."

शहरातले निशाचर पतंग ओळखणाऱ्या हौशी मंडळींचा ऑनलाइन गट बाईंनी कष्टाने जोपासला होता. पतंगांची सचित्र पुस्तिका त्याच बळावर पूर्ण व्हायची होती. 'साळिंदर' या टोपणनावाच्या सदस्याने गटातल्या वकीलसाहेबांनी टाकलेल्या फोटोखाली लिहिलं होतं, "डोळे आहेत की शर्टाची बटणं? हा पतंग नाही, फुलपाखरू आहे. मिशांची टोकं जाड आहेत."

बाईंनी पहिलं वाक्य पुसलं आणि उरलेलं तपासलं. बरोबर निघालं. तेव्हा नियम झाला: शेरेबाजी गाळायची, माहिती ठेवायची.

वकीलसाहेबांचा लगेच फोन. "नियम एकट्या त्याच्यासाठी? लाडका दिसतोय!"

आक्षेप तर्कशुद्ध होता. बाईंनी नियम सर्वांना लावला.

वकीलसाहेबांच्या "वाहवा! निसर्गाची काय ही किमया! ताई, तुमच्या चिकाटीला सलाम! सुंदर पतंग!" यातून 'पतंग' एवढाच शब्द उरला. गटातल्या दंतवैद्य बाई नुसती पुष्पगुच्छांची चित्रं पाठवत. त्यांच्या नावापुढे कोरी जागा दिसू लागली. "अपमानाला साळिंदर कमी होता, म्हणून तुम्ही?" असं विचारून त्या बाहेर पडल्या. पाठोपाठ वकीलसाहेब, मग बाकीचे.

"शिव्या देणारा राहिला, कौतुक करणारे पळाले," नवरा म्हणाला. "आता पुस्तिका तू आणि तो मिळून करा."

"थांबा हो. गृहीतक कुठे चुकलं, ते बघू दे."

एवढ्यात साळिंदरचा संदेश आला. "दोन दिवस कुणी काहीच चुकीचं लिहिलेलं नाही. सगळे बरे आहेत ना? वकिलांचा गुडघा दुखत होता."

पतंगांविषयी त्यात अक्षर नव्हतं. नियमाप्रमाणे तो अख्खाच पुसायला हवा होता. बाईंनी तो जसाच्या तसा गेलेल्या प्रत्येकाला पाठवला.

संध्याकाळी वकीलसाहेब गटात परतले. "वा! केवढी ही आपुलकी! डोळे पाणावले!"

बाईंचं बोट पुसायला सरसावलं आणि मागे आलं.

खाली साळिंदर प्रकटला. "डोळे पुसा. मग माझ्या खिडकीवरचा हा पतंग कोणता, ते सांगा. मला ओळखता येत नाहीये."