मामा कातले गेले!

"आजचं पहिलं बक्षीस आपलंच!" चरख्यापुढे मांडी ठोकत मामांनी जाहीर करून टाकलं आणि छातीवर रुळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र दाढीवरून ऐटीत हात फिरवला.

हस्तकलेच्या प्रदर्शनात कताईची स्पर्धा होती. शिट्टी वाजेपर्यंत ज्याचा लोकरीचा धागा न तुटता सगळ्यात लांब निघेल, तो जिंकणार! मामांनी घरी एवढा सराव केला होता, की चहातसुद्धा लोकर निघायची.

शेजारीच मामी बांबूच्या टोपल्या विणत बसल्या होत्या. "अहो, चष्मा लावा!"

"फोटो काढतायत! चष्म्यात म्हातारा दिसतो मी!"

झालं! स्पर्धा सुरू झाली. चाक गरगर फिरू लागलं. धागा धड दिसेना म्हणून मामा पुढे वाकले, आणखी वाकले... आणि लोकरीबरोबर दाढीची टोकंही पिळात शिरली. पांढऱ्यात पांढरं, कळणार कोणाला?

"वा! काय चमक आहे धाग्याला!" परीक्षक म्हणाले.

मामा असे फुगले, की चाक दुप्पट जोरात फिरवलं! मग मान आपोआप खाली जायला लागली. नाक चातीच्या, म्हणजे धागा गुंडाळणाऱ्या सळईच्या, टोकाला टेकायला आलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला!

"अगं ए! धाव! मी कातला जातोय!"

"पाहा मंडळी," निवेदक माइकवर गहिवरले, "माणूस चरख्याशी एकरूप झालाय!" टाळ्यांचा कडकडाट!

मामी बांबू सोलायचा कोयता घेऊनच धावल्या. "धागा कापू?"

"खबरदार! बक्षीस जाईल!"

"मग दाढी?"

मामांनी डोळे गच्च मिटले. "काप! पण मान सांभाळ!"

कचकच कोयता चालला. मामा सुटले आणि दात-ओठ खात शिट्टी होईपर्यंत कातत राहिले. धागा मोजला, आणि काय सांगावं! खरोखरच सगळ्यात लांब!

"पहिलं बक्षीस... आपल्या दाढीवाल्या मामांना!"

मामांनी एका उडीत स्टेज गाठलं. निवेदकांनी त्यांना हळूच बाजूला सारलं. "काका, जरा सरका. दाढीवाल्या मामांना वाट द्या."

"अहो, मीच तो! विचारा हवं तर आमच्या हिला!"

सगळ्यांनी मामींकडे पाहिलं. मामींनी पदराआड हसू दाबत नवऱ्याला नीट न्याहाळलं.

"मी तरी कसं सांगू? यांची हनुवटी मी आजच पहिल्यांदा बघतेय!"