वाघमारेबाईंची अठ्ठावीस झाडं

निषाद आणि इरा,

गेल्या आठवड्यात निषादने एक फोटो पाठवला. त्याच्या नव्या नोकरीतलं पहिलं काम. तिकडच्या एका वसाहतीत पावसाचं पाणी अडवून मुरवायचा खड्डा करायचा आहे, आणि त्याच्या काठाला कोणती झाडं लावायची याची तिथल्या नगरपालिकेने दिलेली भलीमोठी यादी. खाली लिहिलं होतं, 'आजी, हे सगळं मला वाघमारे आजीने आधीच शिकवलंय.'

मी फोन उपडा ठेवला आणि चहा केला. पाढे, शुद्धलेखन आणि इंग्रजी व्याकरण कोणी शिकवलं, याचा उल्लेख कुठेही नव्हता. तेव्हा ही बाई कोण होती, हे एकदा नीट लिहून ठेवायचं ठरवलं. तुम्ही आई-बाबांबरोबर इथून परदेशी गेलात तेव्हा चौथीत आणि दुसरीत होतात. त्या वयात माणसं आहेत त्याहून मोठी दिसतात.

वाघमारेबाई सगळं हात लावून मोजायच्या. झाडं तर मोजायच्याच, पण जिन्याच्या पायऱ्या, वाणसामानाच्या पिशव्या, माझ्याकडच्या फराळाच्या ताटातल्या चकल्यासुद्धा. "हात लावल्याशिवाय मोजलं म्हणायचं नाही," असं म्हणून प्रत्येक चकलीला बोट लावायच्या आणि एकही खायच्या नाहीत. सोसायटीच्या सभेला पुरेशी माणसं आहेत का हे बघायला त्या प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारत फिरल्या, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे साने भडकले. "अहो बाई, मी काय झाड आहे?"

"झाड असतात तर तक्रार नव्हती," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खांद्याकडे वळल्या.

तुमचे बाबा हिंजवडीला नोकरीला लागले म्हणून आम्ही सदाशिव पेठ सोडून बाणेरला आलो. इमारतीच्या मागे, टेकडीवरून येणारं पाणी अडवायला बिल्डरने मोठा खड्डा ठेवला होता. नकाशात त्याला तळं म्हटलं होतं. प्रत्यक्षात त्यात दगड, सिमेंटच्या गोण्या आणि एक फुटका कमोड होता. दोन वर्षांनी वाघमारेबाई खालचा फ्लॅट घेऊन राहायला आल्या. विधवा, एकट्या, खडकीला वाढलेल्या. नवीन इमारतींभोवती नियमाप्रमाणे झाडं लावली आहेत की नाहीत हे तपासायच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. सामान लागायच्या आधी त्या खड्ड्यात उतरल्या आणि कमोड वर आला.

मी सोसायटीची सेक्रेटरी. खड्ड्याच्या उतारावर मी सहा गुलाब लावले होते. तिसऱ्या दिवशी ते कुंड्यांत घालून माझ्या दारात ठेवलेले सापडले. सोबत चिठ्ठी: 'इथे पाणी साचतं. हे मरतील. जबाबदारी माझी नाही. र. वाघमारे.'

मी खाली गेले. "वाघमारेबाई, आपण विचारायचंत तरी."

"गुलाबाला विचारलं," त्या म्हणाल्या. "तळाला लव्हाळा, उताराला वाळा, काठाला करंज, अर्जुन, जांभूळ. उताराची माती वाळ्याची मुळं धरतात. तुमचा गुलाब काय धरणार?"

हे तळ-उतार-काठ तुम्ही दोघं जेवताना म्हणायचात. मी शिकवलेल्या इंग्रजी कविता पहिल्या दोन ओळींवर अडायच्या, आणि हे मात्र न चुकता. शाळेतून आलात की दप्तर माझ्याकडे आणि तुम्ही खड्ड्याकडे. शिवाय त्यांनाही 'आजी' म्हणायचात. मला वाटायचं, वाटून घ्यायला आजीपण म्हणजे काही जिन्यातला सामाईक दिवा नव्हे.

आणि तुमचे आजोबा! लग्नानंतरच्या तीस वर्षांत त्यांनी माझ्या तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. ते आता सकाळी सहाला बादली घेऊन खड्ड्यात. चहासुद्धा तिथेच. परत आले की म्हणायचे, "काय बाई आहे!" मी म्हणायचे, "चिखलाचे पाय धुऊन या."

मग मोटारी आल्या. जिथे घरटी एक स्कूटर होती तिथे दोन-दोन गाड्या झाल्या. खड्डा बुजवून वर फरशी घालावी, असा ठराव सान्यांनी आणला. मी मनातून त्यांच्या बाजूची होते. आमच्याकडे एकच गाडी होती आणि तिला जागा होती. पण खड्डा गेला असता तर तुमचे आजोबा सकाळचा चहा घरी प्यायले असते.

ठराव चोख हवा म्हणून मी जुन्या फायली काढल्या. त्यात राहायला जायच्या परवानगीसोबतचा एक कागद मिळाला. 'तळ्याच्या काठी अठ्ठावीस झाडं लावली आहेत, पाहून खात्री केली,' आणि खाली झाडांची नावं. आम्ही आलो तेव्हा तिथे एक झुडूपही नव्हतं. खाली सही होती. र. वाघमारे. तीच वळणदार, माझ्या दारातल्या चिठ्ठीवर होती ती.

मला आनंद झाला. लपवत नाही. झेरॉक्स काढली आणि तडक खाली गेले.

बाईंनी कागद बघायला चष्माही लावला नाही. "माझीच सही. बसा. उभ्याने कशाला भांडता?"

"पण इथे झाडं नव्हतीच."

"होती. पिशव्यांतली. बिल्डरने सकाळी टेम्पोने आणली, संध्याकाळी दुसऱ्या इमारतीला दाखवायला नेली. मला पुढे कळलं."

"तुम्ही मोजली होतीत ना?"

"मोजली. गाडीत बसून. त्याच सकाळी बढतीचा कागद हातात आला होता. नवी साडी नेसले होते. खाली गुडघाभर चिखल. काचेतून बोट दाखवून अठ्ठावीस मोजली आणि सही केली. सगळ्या नोकरीत तेवढी एकच."

मग म्हणाल्या, "मुलगा म्हणत होता, खडकीतच राहा. बहीण तिथे, विहार तिथे, मैत्रिणी तिथे. इथे माझं कोण आहे? पण यादी इथली होती. सव्वीस झालीत. दोन वाळुंज राहिलेत. नदीकाठचं झाड ते. फांदी रोवते, पालवी फुटते, उन्हाळ्यात जातं." मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "रविवारी सगळ्यांना वाचून दाखवा. सेक्रेटरी आहात."

जिना चढताना मला त्यांचा सगळ्यात जास्त हेवा वाटला. माझ्या टापटीप आयुष्यात मीही चुका केल्या असतीलच. पण एकीच्याही भरपाईसाठी मी घर सोडून गेले नव्हते.

रविवारी मी यादी वाचली. "ही झाडं तळ्याच्या काठी असणं ही आपल्या परवानगीची अट आहे. तळं बुजवलं तर अट मोडते. ठराव मांडता येणार नाही."

"सही कोणाची आहे?" सान्यांनी विचारलं.

"वाचता येत नाही," मी म्हटलं. "शाई पुसली आहे."

"पुसलेली नाही," मागून आवाज आला. "माझी आहे."

सेक्रेटरी म्हणून मी बोललेलं ते एकमेव खोटं. बाईंनी ते क्षणभरही टिकू दिलं नाही. उभं राहून त्यांनी साडीसकट सगळं सांगितलं. मग साने उठले आणि म्हणाले, "चला, मोजू या." सगळी सभा खाली उतरली. बाई प्रत्येक खोडाला तळवा लावत पुढे, आम्ही मागे, आणि तुम्ही दोघं मोठ्याने आकडे म्हणत.

"सव्वीस," साने म्हणाले. "दोन कमी आहेत, बाई."

"म्हणूनच इथे राहते," वाघमारेबाई म्हणाल्या.

सान्यांनी ठराव मागे घेतला. पुढच्या पावसाळ्यात तेच नदीवरून वाळुंजाच्या फांद्या घेऊन आले.

बाई जाऊन आता सहा वर्षं झाली. एक वाळुंज त्यांच्या डोळ्यांदेखत लागलं, दुसरं आजवर लागलेलं नाही. खड्डा आहे. काठाला सत्तावीस झाडं आहेत. पाऊस झाला की टेकडीचं पाणी येतं आणि तीन-चार दिवसांत मुरतं. पलीकडच्या टॉवरला मार्चपासून टँकर लागतात. आपल्या बोअरला मे संपेपर्यंत पाणी असतं.