यांची चौकशी चालू ठेवावी

मंगळवारी तिसऱ्या तासाला सातवीतल्या एका मुलीने गणिताच्या सरांना प्रश्न विचारला. "सर, अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, असं तुम्ही सांगितलंत. पण उलटा का करायचा?"

सर सव्वीस वर्षं तो उलटा करत आले होते.

"सोमवारी सांगतो," ते म्हणाले.

पूर्वी असं काही अडलं की ते घरी बायकोला सांगायचे. तिला गणित येत नसे. पण भाजी चिरता चिरता ती आणखी दोन प्रश्न विचारायची आणि गाठ सुटायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आता सरांना काही विचारणारं कोणी नव्हतं.

सुदैवाने शनिवारी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय : 'चौकशी-आधारित, कला-एकात्मिक अध्ययन'. परिपत्रकातला पहिला शब्द वाचून निम्मे शिक्षक लेखी खुलासा खिशात घालूनच आले. मुलांनी प्रश्न विचारत शिकायचं, त्याला शिक्षण कार्यालयाने हा शब्द काढला होता, हे तिथे गेल्यावर कळलं. खुलासे खिशातच राहिले.

"इथे कुठलाही प्रश्न चुकीचा नाही," प्रशिक्षिका म्हणाली. पडद्यावरही तेच होतं. खाली बारीक अक्षरांत : प्रश्न शेवटी.

मग सगळ्यांनी अपूर्णांक साकारायचे होते. मराठीच्या बाई 'तीन' होऊन बाकावर उभ्या राहिल्या. सर 'चार' होऊन बाकाखाली बसले. मधली आडवी रेघ बाकच होता.

"आता उलटा!" प्रशिक्षिका म्हणाली. सर वर चढले, बाई खाली गेल्या. टाळ्या पडल्या.

सरांनी बाकावरूनच हात वर केला. "पण उलटा का करायचा?"

"ते अनुभवायचं असतं, सर."

"अनुभवलं. गुडघा दुखला. पण का?"

"उतरा हो आता," बाई खालून म्हणाल्या. "साडेपाच वाजले."

प्रशिक्षिका मात्र भारावून गेली. सहा वर्षांत तिच्या प्रशिक्षणात प्रथमच कोणी प्रश्न विचारला होता. सरांच्या नावापुढे तिने मोठ्या मनाने शेरा मारला : 'यांची चौकशी चालू ठेवावी.'

शेरा कार्यालयात पोचला. मोठे लिपिक काटेकोर होते. चौकशी चालू ठेवायची तर ती आधी सुरू झालेली असायला हवी. फाईल काही सापडेना. त्यांनी ती मागच्या तारखेने सुरू केली.

सोमवारी मुलीने आठवण करून दिली. "चौकशी चालू आहे," सर म्हणाले, आणि तेव्हा त्यांना स्वतःलाही ते किती खरं आहे याची कल्पना नव्हती. दुपारी पत्र आलं. बुधवारी ते तीन जणांच्या समितीपुढे उभे होते.

"तुम्ही भर प्रशिक्षणात 'का' असं विचारलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"सातवीतली मुलगी आहे एक."

"म्हणजे तुम्हाला स्वतःला माहीत नाही?"

"नाही. तुम्हाला?"

अध्यक्षांनी चहा मागवला.

चहानंतर निर्णय झाला : 'सदर बाबीचे कारण वरिष्ठांकडून प्राप्त होईपर्यंत अपूर्णांक पूर्ववत उलटे करण्यात यावेत.' सरांनी सही केली.

पण गुरुवारी ते वर्गात गेले ते मनाशी ठरवून. मला येत नाही, आपण मिळून शोधू, असं सरळ सांगायचं. कापायला रंगीत कागद आणि कात्रीही त्यांनी घरून आणली होती. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली.

"बाळ, तुझा तो प्रश्न..."

"जाऊ द्या, सर," मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली. "मी उलटा करून टाकला. उत्तर बरोबर आलं."

सरांनी वही पाहिली. दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती. त्यांनी कात्री खिशात ठेवली आणि लाल पेनने दहा खुणा केल्या.

तुमचंही बरोबरच येत असेल. तुम्हीही इतकी वर्षं उलटाच करत आला आहात, आणि तुमची कधी कोणी चौकशी केलेली नाही.