ठरावाने शुद्ध झालेली हवा

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावची हवा शुद्ध आहे, याबद्दल गावात कधी मतभेद नव्हता. मी इथल्या शाळेत मास्तर आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. खाणीचे ट्रक शाळेसमोरून जात, त्यांच्या धुळीने काजूची पानं तांबडी होत आणि सगळे खोकत खोकत एकमताने नांदत.

हे ऐक्य नववीतल्या सिद्धीने बिघडवलं. तिची धाकटी बहीण हर्षा दम्यामुळे दोन महिने शाळेत आली नव्हती. शाळेच्या वेळात ट्रक थांबवा, म्हणजे ती येईल, एवढंच सिद्धीचं म्हणणं. पुरावा हवा म्हणून तिने आणि वर्गातल्या मुलांनी प्लास्टिकच्या डब्यात छोटा पंखा आणि धूळ मोजणारा सेन्सर बसवला व तो शाळेच्या फाटकावर टांगला. साठपर्यंत ठीक समजतात. डबा दोनशे ऐंशी दाखवू लागला.

लगेच तक्रार गेली. डब्याविरुद्ध.

पाहणीची तारीख सर्व संबंधितांना आठ दिवस आधी कळवण्यात आली. त्या दिवशी ट्रक विश्रांतीला गेले आणि टँकरने पहाटेपासून रस्ता भिजवला. डब्यावर आकडा आला बेचाळीस.

"काल दोनशे ऐंशी, आज बेचाळीस," पाहणी अधिकारी म्हणाले. "रोज मत बदलणाऱ्या यंत्रावर शासनाने विश्वास कसा ठेवावा?"

"सर, आज ट्रक नाहीत," सिद्धी म्हणाली.

"ट्रक हा तपासणीचा विषय नाही. विषय हवा आहे."

शेवटी वाद लोकशाही मार्गाने मिटवायचं ठरलं. ग्रामसभेत सरपंच जयराम यांनी ठराव मांडला : गावची हवा शुद्ध आहे. निम्म्या सभेच्या दारात ट्रक होता. एका हाताने नाकावर रुमाल धरून लोकांनी दुसरा हात वर केला. खाणीवर एक ट्रक लावलेले सिद्धीचे वडील देवेश यांनीही केला.

"बाबा, हर्षाचं काय?" सिद्धीने विचारलं.

"ट्रक रवलो तर तिचा औषद खंयसून हाडू, गो बाय?" ट्रक थांबला तर औषध आणायचं कुठून, हे ते खाली बघतच म्हणाले.

ठराव मंजूर, डबा जप्त. आठवड्याने वरून शाळेला पत्र आलं : हवा शुद्ध असल्याने कुमारी हर्षाच्या गैरहजेरीस सबळ कारण उरत नाही, पालकांनी लेखी खुलासा करावा, अन्यथा तिला परीक्षेस बसू देऊ नये.

देवेश खुलासा लिहून घ्यायला माझ्याकडे आले. मी लिहिलं, 'मुलगी आळशी आहे.' दुसरं कुठलंच कारण ठरावात बसत नव्हतं. लाज वाटली, पण अक्षर सुरेख आलं.

माझा राग आला? येऊ द्या. मात्र तुमच्या शहराच्या हवेचा आकडा तुम्हीही रोज सकाळी मोबाइलवर बघता. बघून काय करता? खिडकी लावून घेता ना?