वज्रेश्वरीची मंडळी

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत नळावर बायकांची गर्दी झाली, की अनंतराव नेमके गॅलरीत येऊन उठाबशा काढत. पेन्शनीत निघालेला माणूस, पण गुडघा कधी कुरकुरला नाही. कोणी कौतुकानं पाहिलं, की म्हणत, "गंधक, महाराज, गंधक!"

दर थंडीत ते वज्रेश्वरीला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात डुंबून येत. आले, की महिनाभर वाडीला दुसरा विषय नसे. "आमची मंडळी जमली, की काय सांगू! सकाळी कुंड, दुपारी वांग्याचं भरीत, संध्याकाळी रमी. हसून हसून पोट दुखतं." बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जमशेदपूरला, तरी चेहरा नवरदेवासारखा!

माझा नुसता जळफळाट होई. मीही पेन्शनर, पण माझ्या वाट्याला सांधेदुखीचं तेल, आणि त्याच्या वासावरून आमच्या हिची बोलणी. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात मी धापा टाकत मागे, अनंतराव घोषणा देत पार पुढे. "बघा जरा त्यांच्याकडे," ही घरी आल्यावर म्हणाली. तेव्हाच ठरवलं, यंदा आपणही जायचं.

"मीही येतो," म्हणालो, तर अनंतराव गडबडले. "तुम्हांला त्या पाण्याचा गंधकाचा वास सोसायचा नाही. शिवाय मंडळींत जागा..."

सगळं सुख ह्यांनाच हवं! मी हट्टाला पेटलो आणि वसईहून एसटीनं त्यांच्याबरोबर गेलोच.

धर्मशाळेचे म्हातारे व्यवस्थापक त्यांना पाहून उठले. "या अनंतराव! यंदा सोबत आहे वाटतं? बरं झालं बाबा. दरवर्षी एकटेच भिंतीकडे तोंड करून जेवता, मला बघवत नाही."

मी अनंतरावांकडे पाहिलं. ते पिशवीत पंचा शोधू लागले. पंचा वरच होता.

कुंडाच्या पायरीवर बसल्यावर ते हळूच म्हणाले, "एकटाच गेलो होतो म्हटलं असतं, तर वाडी हळहळली असती. ते नको वाटतं हो. तुम्ही जळायचात, ते बरं वाटायचं."

मी सदरा काढला. "चला, पाणी निवेल."

"झऱ्याचं पाणी कसं निवेल?" ते हसले. पायरी निसरडी होती म्हणून त्यांनी माझा हात धरला. पाण्यात उतरल्यावरही बराच वेळ सोडला नाही.